बीळ न खोदणारा ससा

इंग्लंडमध्ये सशाच्या शिकारीसाठी टेरियर जातीचा कुत्रा आणि फेरेट यांची जोडी वापरली जाते. फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा, माणसाळलेला प्राणी. बिळात ससा आहे की नाही, हे टेरियर वासावरून ओळखतो. मग बिळाच्या तोंडांवर जाळी लावून फेरेटला आत सोडतात आणि घाबरून बाहेर पडणारा ससा जाळीत अडकतो.

नाशिक जिल्ह्यात ही युक्ती निरुपयोगी ठरेल. शहरात पाळले जाणारे पांढरे ससे युरोपातील त्या बिळात राहणाऱ्या सशांचेच वंशज आहेत. मात्र येवला, सिन्नर, नांदगावच्या माळरानांवरील रानससा हा वेगळा प्राणी आहे. तो बीळ खोदत नाही. दिवसा गवतातील उथळ खळग्यात दबून बसतो आणि संकट अगदी जवळ आले, की वेगाने पळत सुटतो. त्याची पिलेही अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्मतात. म्हणूनच महाराष्ट्रात सशामागे कारवानसारखे लांब पायांचे, नजरेने सावज हेरून धावणारे कुत्रे सोडले जात.

आज हा गुन्हा आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ मधील शिकारीच्या व्याख्येत सावज मारण्याबरोबरच त्याचा पाठलाग करणे, सापळा लावणे आणि तसा प्रयत्न करणे यांचाही समावेश आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानससा कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. माळरानावर फिरायला जाताना कुत्र्याचा पट्टा हातातच ठेवलेला बरा.