जमिनीच्या खोलीनुसार ज्वारीचे वाण

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाची स्थापना १९६८ साली झाली. विद्यापीठाचे शिक्षण, संशोधन आणि विस्तार असे तीन विभाग असून, पश्चिम महाराष्ट्र व खानदेशातील दहा जिल्ह्यांसाठी कोणत्या पिकावर काय संशोधन व्हावे, याची आखणी संशोधन संचालनालय करते. शहरी वाचकाला हे कार्यालय क्वचितच ठाऊक असते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात भाकरी आणि गोठ्यात कडबा किती येणार, हे मात्र बऱ्याच अंशी तिथल्या निर्णयांवर अवलंबून असते.

रब्बी ज्वारीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. मोहोळ येथे १९३०च्या दशकात निवड पद्धतीने तयार झालेली 'मालदांडी ३५-१' आजही अनेक गावांत पेरली जाते. भाकरीची चव आणि कडब्याची प्रत या दोन्ही कसोट्यांवर ती टिकली. अधिक धान्य देणारे पण आखूड ताटाचे वाण शेतकऱ्याने मनापासून स्वीकारले नाहीत, यात त्याचा हटवादीपणा नव्हता. जनावर जगवायचे, तर कडबा हेही उत्पन्नच.

रब्बी ज्वारीला पावसाळ्यात जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावरच वाढावे लागते. जमीन जितकी उथळ, तितका हा साठा लवकर संपतो. एकच वाण साऱ्या शिवाराला चालणार नाही, हे ओळखून राहुरीच्या शास्त्रज्ञांनी जमिनीच्या खोलीनुसार वाणांची शिफारस केली. सुमारे ३० सेंटिमीटर खोलीच्या हलक्या जमिनीसाठी लवकर तयार होणारी 'फुले अनुराधा', ६० सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीसाठी 'फुले सुचित्रा', त्याहून खोल भारी जमिनीसाठी 'फुले वसुधा', तर पाण्याची सोय असेल तेथे 'फुले रेवती'. हुरड्यासाठी 'फुले उत्तरा' आहे, ती निराळी.

असा वाण एका हंगामात बाहेर पडत नाही. संशोधन केंद्रावरील चाचण्या, निरनिराळ्या ठिकाणचे प्रयोग आणि शेतकऱ्यांच्या शेतावरील पडताळणी यांत अनेक वर्षे जातात. त्यानंतर राज्यातील चारही कृषी विद्यापीठांच्या संयुक्त संशोधन बैठकीत, म्हणजे 'ॲग्रेस्को'त, त्यावर चर्चा होऊन शिफारस मंजूर होते.

खरी अडचण पुढे येते. विद्यापीठ पैदासकार बियाणे तयार करते. त्यापासून पायाभूत आणि मग प्रमाणित बियाणे तयार व्हावे लागते. या साखळीत 'महाबीज'सारख्या संस्थांचा वाटा मोठा आहे. सुधारित ज्वारीचे बियाणे शेतकरी घरचेच राखून पुन्हा पेरू शकतो, शिवाय हेक्टरी दहा किलो पुरते. साहजिकच खासगी कंपन्यांना त्यात संकरित बियाण्याइतका नफा दिसत नाही. ज्या गुणामुळे वाण गरीब शेतकऱ्याला परवडतो, तोच गुण त्याच्या प्रसाराच्या आड येतो.

रब्बी ज्वारीची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या महिन्याभरात उरकावी लागते. तोवर तालुक्याच्या दुकानात योग्य वाण पोहोचला नाही, तर हलक्या रानातही हाती असेल तेच बियाणे पडते, आणि ओलावा सरला की ताटे दाणे भरण्याआधीच वाळू लागतात.