चकवा संगणकाचा, जबाबदारी कोणाची?

८ ऑक्टोबर २०१५ रोजी फोक्सवॅगन कंपनीचे अमेरिकेतील तत्कालीन प्रमुख मायकेल हॉर्न यांची अमेरिकन काँग्रेसच्या उपसमितीपुढे साक्ष झाली. कंपनीच्या डिझेल मोटारी प्रदूषण चाचणीत लबाडी करतात, हे तोपर्यंत जगजाहीर झाले होते. प्रश्न एवढाच होता, की ही लबाडी केली कोणी? हॉर्न यांच्या उत्तराचा आशय असा होता, की हा कंपनीचा निर्णय नव्हता. एक-दोन सॉफ्टवेअर अभियंत्यांनी काही कारणाने ते केले. समितीतील सदस्यांनी त्यावर उघड अविश्वास दाखवला. पुढील दहा वर्षांत अमेरिका आणि जर्मनीतील न्यायालयांपुढे जे पुरावे आले, त्यांवरून तो अविश्वास रास्त ठरला. मात्र हॉर्न यांच्या उत्तरात अर्धे सत्य होतेच. ती आज्ञावली कोणा संचालकाने लिहिली नव्हती. ती अभियंत्यांनीच लिहिली होती. तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील व्यावसायिक नीतिमत्तेचा विचार करताना जगभरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांत आज हेच प्रकरण अभ्यासले जाते, त्याचे कारण हे अर्धे सत्य आहे.

चाचणी ओळखणारी मोटार

मोटारीच्या धुराची चाचणी त्या काळी प्रयोगशाळेत होत असे. मोटार जागच्या जागी उभी राहते, तिची चाके रोलरवर फिरतात आणि नियमात ठरवून दिलेल्या क्रमाने वेग कमी-जास्त केला जातो. हा क्रम गुप्त नसतो. साहजिकच, चाके फिरत आहेत पण स्टिअरिंग हलत नाही, वेगाचा आलेख नियमपुस्तकातल्यासारखा आहे, एवढे कळले की ही चाचणी आहे हे इंजिनावर नियंत्रण ठेवणाऱ्या संगणकाला ओळखता येते. फोक्सवॅगनच्या 'ईए १८९' या डिझेल इंजिनाच्या आज्ञावलीत नेमकी हीच सोय होती. चाचणी सुरू आहे असे दिसताच धूर शुद्ध करणारी यंत्रणा पूर्ण ताकदीने चाले. मोटार रस्त्यावर आली, की ती मंद होई. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, १८ सप्टेंबर २०१५ रोजी बजावलेल्या नोटिशीनुसार रस्त्यावर या मोटारींतून नायट्रोजन ऑक्साइड वायू मर्यादेच्या १० ते ४० पट बाहेर पडत होते. अमेरिकेत अशा सुमारे ४ लाख ८२ हजार मोटारी होत्या, तर जगभरात सुमारे १ कोटी १० लाख. रानात वाटसरूला भुलवणारा चकवा मराठी माणसाला ठाऊक असतो. येथे चकवा मोटारीच्या पोटात होता आणि वाट चुकत होती सरकारी यंत्रणा.

नायट्रोजन ऑक्साइडमुळे हवेत ओझोन आणि सूक्ष्म कण तयार होतात व श्वसनाचे विकार बळावतात. एमआयटी आणि हार्वर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये केलेल्या गणितानुसार, २००८ ते २०१५ या काळातील जादा प्रदूषणाने अमेरिकेत सुमारे ६० अकाली मृत्यू ओढवले. प्रकरण केवळ कागदोपत्री नियमभंगाचे नव्हते, हे यावरून ध्यानात यावे.

आक्षेप घेतला गेला होता

अमेरिकन न्याय खात्याशी झालेल्या तडजोडीत कंपनीने २०१७ मध्ये जे तथ्य-निवेदन मान्य केले, ते वाचण्यासारखे आहे. त्यानुसार २००६ च्या सुमारास अभियंत्यांच्या लक्षात आले, की अमेरिकेची कडक मर्यादाही पाळायची आणि ग्राहकाला हवी तशी मोटारही द्यायची, हे ठरलेल्या खर्चात व वेळेत जमणारे नाही. तेव्हा चाचणी ओळखणाऱ्या आज्ञावलीचा मार्ग निवडण्यात आला. महत्त्वाची बाब अशी, की काही अभियंत्यांनी त्याच वर्षी या मार्गाला आक्षेप घेतला. बैठक झाली, वरिष्ठांपुढे विषय मांडला गेला. वरिष्ठांनी काम चालू ठेवण्यास सांगितले आणि पकडले जाऊ नका, अशा अर्थाची सूचना दिली.

म्हणजे काय चूक आहे हे कोणालाच समजले नव्हते, असे नाही. समजले होते, बोललेही गेले होते. परंतु तो आक्षेप ज्यांच्याविरुद्ध होता, त्यांच्याच टेबलावर जाऊन थांबला. त्यापुढे जाण्याची वाट कोणी शोधली नाही, किंवा ती सापडण्याजोगी नव्हती. २००६ मधील त्या बैठकीनंतर ही आज्ञावली जवळपास नऊ वर्षे चालली.

या नऊ वर्षांतला एक प्रसंग तर विलक्षणच आहे. अमेरिकेत विकलेल्या काही मोटारींच्या धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेत २०१२ च्या सुमारास बिघाड होऊ लागले. अभियंत्यांनी तपास केला तेव्हा त्यांना असा संशय आला, की या मोटारी रस्त्यावरही चाचणीच्याच अवस्थेत राहत असाव्यात व त्या ताणाने भाग निकामी होत असावेत. थोडक्यात, लबाडी नीट चालत नव्हती. मग स्टिअरिंगचा कोन मोजून चाचणी अधिक अचूक ओळखेल, अशी सुधारित आज्ञावली तयार झाली आणि २०१४ मध्ये देखभालीसाठी आलेल्या ग्राहकांच्या मोटारींत ती बसवण्यात आली. ग्राहकाला अर्थातच ती सुधारणा म्हणून सांगितली गेली. दोष शोधणे, कारण निश्चित करणे, दुरुस्ती ग्राहकापर्यंत पोहोचवणे या कोणत्याही कसोटीवर हे काम उत्तमच म्हणावे लागेल. कौशल्य म्हणजेच व्यावसायिकता, असा समज ज्यांचा असेल, त्यांनी या प्रसंगावर थोडा वेळ थांबावे.

रस्त्यावरची मोजणी

लबाडी उघडकीस आणणाऱ्यांना ती शोधायचीच नव्हती. अमेरिकेतील डिझेल मोटारी युरोपातल्यांपेक्षा स्वच्छ असतात हे सप्रमाण दाखवावे, या हेतूने 'इंटरनॅशनल कौन्सिल ऑन क्लीन ट्रान्सपोर्टेशन' या संस्थेने वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाला काम दिले. डॅन कार्डर यांच्या पथकात भारतातून तेथे गेलेले अरविंद तिरुवेंगडम आणि हेमंत कप्पन्ना हे संशोधकही होते. मोटारीच्या मागील बाजूस मोजणी यंत्र व जनित्र बांधून त्यांनी प्रत्यक्ष रस्त्यावर मोजमाप केले. फोक्सवॅगनची एक मोटार लॉस एंजलिसहून सिएटलपर्यंत नेऊन परत आणली. मे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात जेट्टा मोटारीचे प्रदूषण मर्यादेच्या १५ ते ३५ पट आणि पसॅटचे ५ ते २० पट नोंदले गेले. त्याच वेळी तपासलेली दुसऱ्या कंपनीची मोटार बहुतांश ठिकाणी मर्यादेत राहिली.

त्यानंतर सव्वा वर्ष कंपनी तांत्रिक अडचणींची कारणे देत राहिली. या काळातही दोन तऱ्हेची माणसे दिसतात. ऑगस्ट २०१५ मध्ये कंपनीच्या एका कर्मचाऱ्याने, वरिष्ठांनी दिलेल्या सूचना बाजूला सारून, कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांना मोटारी चाचणीत व रस्त्यावर वेगळ्या वागतात हे सांगून टाकले. त्याच सुमारास जर्मनीत, चौकशीचे कागद जपून ठेवण्याचा आदेश निघणार याचा सुगावा लागल्यावर, फोक्सवॅगन आणि ऑडीच्या सुमारे ४० कर्मचाऱ्यांनी हजारो दस्तऐवज नष्ट केले. ३ सप्टेंबर २०१५ रोजी कंपनीने अधिकाऱ्यांपुढे कबुली दिली. २३ सप्टेंबरला मुख्य कार्यकारी अधिकारी मार्टिन विंटरकोर्न पायउतार झाले.

शिक्षा कोणाला?

पहिली शिक्षा झाली ती अभियंत्याला. जेम्स लियांग हे १९८३ पासून कंपनीत होते आणि 'स्वच्छ डिझेल' अमेरिकेत आणण्याच्या कामासाठी २००८ मध्ये तेथे स्थलांतरित झाले होते. ते या कटाचे सूत्रधार नव्हते, नोकरी टिकवण्यासाठी व कुटुंबासाठी त्यांनी हे केले, असा बचाव त्यांच्या वकिलांनी मांडला. सरकारी पक्षाने तीन वर्षांची शिक्षा मागितली होती. डेट्रॉइटचे न्यायाधीश शॉन कॉक्स यांनी २५ ऑगस्ट २०१७ रोजी ४० महिन्यांचा तुरुंगवास व २ लाख डॉलरचा दंड ठोठावला. मागितल्यापेक्षा अधिक शिक्षा, तीही सरकारी पक्षाला सहकार्य करणाऱ्या आरोपीला! आज्ञापालन हा बचाव होऊ शकत नाही, असाच या निकालाचा अर्थ घेतला गेला.

डिसेंबर २०१७ मध्ये ऑलिव्हर श्मिट या अधिकाऱ्याला सात वर्षांची शिक्षा व ४ लाख डॉलरचा दंड झाला. कॅलिफोर्नियाच्या अधिकाऱ्यांशी बोलताना आपण वरिष्ठांनी ठरवून दिलेलीच संहिता बोलून दाखवली, असे त्यांनी न्यायाधीशांना पत्राने कळवले होते; त्याचा उपयोग झाला नाही. जर्मनीत न्यायाला वेळ लागला. ब्राउनश्वाइगच्या न्यायालयाने मे २०२५ मध्ये चार माजी व्यवस्थापक व अभियंत्यांना दोषी ठरवले. दोघांना तुरुंगवास, दोघांना स्थगित शिक्षा. विंटरकोर्न यांच्यावरील खटला २०२४ मध्ये सुरू झाला, पण त्यांच्या प्रकृतीमुळे तो थांबला. कंपनीने अमेरिकेत २०१७ मध्ये गुन्हा कबूल करून २.८ अब्ज डॉलरचा फौजदारी दंड भरला, तो वेगळा.

पुण्याशी संबंध

पुणेकर ज्या टेकडीवर सकाळी फिरायला जातात, तिला 'एआरएआय टेकडी' हे नाव ज्या संस्थेमुळे पडले, त्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाकडे भारतातील चौकशी आली. चाकणला २००९ पासून कारखाना असलेल्या या कंपनीच्या मोटारींचे रस्त्यावरील प्रदूषण मर्यादेच्या १.१ ते २.६ पट असल्याचे आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने ३ लाख २३ हजार ७०० मोटारी आज्ञावली बदलण्यासाठी परत बोलावल्या. भारतात रस्त्यावरील चाचणीचा नियमच नसल्याने आपण नियमभंग केलेला नाही, अशी कंपनीची भूमिका होती. राष्ट्रीय हरित लवादाने मार्च २०१९ मध्ये ५०० कोटी रुपयांचा दंड सुनावला, मात्र सर्वोच्च न्यायालयाने सक्तीच्या कारवाईस स्थगिती दिली. प्रत्यक्ष रस्त्यावरच्या प्रदूषणाची मर्यादा भारतात १ एप्रिल २०२३ पासून, बीएस-६ च्या दुसऱ्या टप्प्यात लागू झाली.

संहिता आहे, सनद नाही

संगणक व्यवसायाला आचारसंहिता नाही, असे नाही. असोसिएशन फॉर कॉम्प्युटिंग मशिनरी आणि आयईईई कॉम्प्युटर सोसायटी या दोन संस्थांनी १९९९ मध्ये सॉफ्टवेअर अभियंत्यांसाठी आठ तत्त्वांची संहिता मान्य केली. तिच्यात पहिला क्रम जनतेच्या हिताला आहे, ग्राहक आणि मालक दुसऱ्या क्रमांकावर येतात. आज्ञावली सुरक्षित आहे, चाचण्यांत उतरली आहे आणि पर्यावरणाला हानी करत नाही याची खात्री असेल तरच ती मान्य करावी आणि धोका दिसल्यास योग्य व्यक्तीला वा अधिकाऱ्याला कळवावे, असे ही संहिता स्पष्ट सांगते. फोक्सवॅगनच्या अभियंत्यांनी मोडले नाही असे कलम त्यात शोधावे लागेल.

परंतु डॉक्टरला वैद्यकीय परिषदेची नोंदणी लागते, वकिलाला बार कौन्सिलची सनद, सनदी लेखापालाला १९४९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेचे सदस्यत्व. गैरवर्तन केले तर ही मंडळी व्यवसायाला मुकू शकतात. आणि त्याच बळावर मालकाला 'हे मला करता येणार नाही, माझी सनद जाईल' असे म्हणूही शकतात. आज्ञावली लिहिणाऱ्याला भारतात अशी सनद लागत नाही. त्याच्या नकारामागे उभे राहायला कोणी नाही. हा फरक कायद्याच्या पुस्तकात किरकोळ वाटतो, कार्यालयात वरिष्ठासमोर उभे राहताना तो मोठा होतो. पुणे, बंगळुरूत हजारो अभियंते परदेशी मोटार कंपन्यांसाठी आज्ञावलीचे सुटे भाग लिहितात. आपण लिहिलेला तुकडा संपूर्ण यंत्रणेत काय करणार, हे त्यांपैकी अनेकांना सांगितलेही जात नाही.

अमेरिकन न्यायालयाने फोक्सवॅगनवर तीन वर्षांसाठी लॅरी थॉम्पसन या माजी उपमहाधिवक्त्यांची स्वतंत्र निरीक्षक म्हणून नेमणूक करवली. आतून तक्रार करण्याची व्यवस्था सुधारणे हा त्या कामाचा एक भाग होता. भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या, ठेवी स्वीकारणाऱ्या आणि बँकांकडून ५० कोटी रुपयांहून अधिक कर्ज घेतलेल्या कंपन्यांना कर्मचाऱ्यांच्या तक्रारीसाठी दक्षता यंत्रणा ठेवावी लागते. तक्रारदाराचा छळ होऊ नये याची तरतूद तिच्यात हवी आणि अपवादात्मक परिस्थितीत थेट लेखापरीक्षण समितीच्या अध्यक्षांकडे जाण्याची मुभा हवी. या यंत्रणेचा तपशील कंपनीच्या संकेतस्थळावर, असल्यास, देणे बंधनकारक आहे. या तीन वर्गांत न बसणाऱ्या खासगी कंपन्यांना, म्हणजे सुटे काम घेणाऱ्या असंख्य लहान सॉफ्टवेअर कंपन्यांना, हे बंधन लागू नाही.