टॉर्पेडो माशापासून चुंबकीय वेटोळ्यापर्यंत

कवटी न उघडता मेंदूला चेतवण्याच्या तंत्राची मुळे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील रोमपर्यंत जातात. तेथील वैद्य स्क्रिबोनियस लार्गस जुनाट डोकेदुखीवर, अंगात वीज असलेला जिवंत टॉर्पेडो मासा दुखऱ्या जागी, ती बधिर होईपर्यंत ठेवण्यास सांगे. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर व सहकाऱ्यांनी डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणिक चुंबकीय स्पंद सोडून हाताचे स्नायू हलवून दाखवले, तेव्हा या तंत्राला (माशाची गरज उरली नाही, हे बरेच झाले) शास्त्रीय पाया मिळाला. पुढे हेच तंत्र खाण्याच्या ओढीवरही आजमावले गेले: २००५ मधील लंडनच्या एका प्रयोगात मेंदूच्या, आत्मसंयमाशी निगडित अशा, कपाळामागील डाव्या भागाला स्पंद दिल्यावर स्त्रियांची खाण्याची ओढ स्थिर राहिली, तर लुटुपुटीचे स्पंद दिलेल्या गटात ती वाढली; प्रत्यक्ष खाण्यात मात्र फरक पडला नाही.