भंडारा जिल्ह्यातील ज्येष्ठांची शुश्रूषा : भरवशाची सेवा कशी निवडावी?

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा जिल्हा भातशेती, तलाव आणि पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यानंतर भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर व पवनी असे सात तालुके या जिल्ह्यात राहिले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १२ लाख होती. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के, म्हणजे दहा माणसांमागे एक असे होते. शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने मुले नागपूर, पुणे, हैदराबाद येथे स्थायिक होतात आणि गावाकडच्या घरात वृद्ध आई-वडील उरतात. त्यांच्याजवळ विश्वासाचे माणूस कोण असावे, हा प्रश्न बहुधा एखादे आजारपण अचानक उद्भवल्यावरच समोर येतो. घाईत केलेली निवड महागात पडू शकते. म्हणून पूर्वतयारी महत्त्वाची.

गरज आधी ओळखावी

शुश्रूषेचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात. चालत्या-फिरत्या ज्येष्ठांना केवळ सोबत, स्वयंपाक आणि वेळेवर औषधांची आठवण पुरेशी असते. पडल्याने वा पक्षाघाताने परावलंबी झालेल्यांना अंघोळ, कपडे, शौच व हालचाल यांसाठी मदतनीस लागतो. मूत्रनलिका, नळीद्वारे अन्न, इंजेक्शने वा चिघळलेल्या शय्याव्रणांची मलमपट्टी या बाबी मात्र प्रशिक्षित परिचारिकेच्याच कक्षेत येतात.

बोलीभाषेत तिघींनाही 'मावशी' किंवा 'सिस्टर' म्हटले जाते आणि येथेच फसगत होते. परिचारिकेची नोंदणी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे असते. नोंदणी प्रमाणपत्र पाहण्यास मागण्यात संकोच बाळगू नये. काही महिन्यांचा मदतनीसाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेली व्यक्ती उपयुक्त असली तरी ती परिचारिका नव्हे. तिच्याकडून इंजेक्शन देण्याची अपेक्षा ठेवणे रुग्णासाठी आणि तिच्यासाठीही धोक्याचे आहे.

माणूस ठेवताना

घरी सेवा पुरवणाऱ्या संस्थांचे जाळे प्रामुख्याने मोठ्या शहरांत असते. तालुक्याच्या गावी ओळखीतून मिळालेली व्यक्तीच बहुतेकांचा आधार ठरते. ओळख असली तरी पुढील बाबी टाळू नयेत.

ओळखपत्र व कायमचा पत्ता यांची प्रत ठेवावी आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घ्यावी. पूर्वी काम केलेल्या किमान दोन कुटुंबांशी प्रत्यक्ष बोलावे. 'काम कसे होते?' यापेक्षा 'काम का सुटले?' हा प्रश्न अधिक माहिती देतो. संस्थेमार्फत माणूस घेतल्यास एकूण शुल्कापैकी प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या हाती किती पडते, हे विचारावे. तुटपुंज्या वेतनावर राबणारी व्यक्ती फार काळ टिकत नाही. कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, रजेच्या दिवशी बदली कोण देणार आणि सेवा थांबवण्याची मुदत यांचा उल्लेख लेखी करारात असावा. पहिले १५ दिवस चाचणीचे ठरवावेत आणि त्या काळात घरातील कोणीतरी उपस्थित राहावे.

भाताच्या जिल्ह्यात आणखी एक अडचण असते. पावसाळ्यातील रोवणी आणि दिवाळीच्या आसपासची कापणी या दिवसांत शेतावर मजुरांची मागणी वाढते आणि गावातील मदतनीस महिला कामावर येईनाशा होतात. पर्यायी व्यक्ती जूनपूर्वीच ठरवून ठेवणे श्रेयस्कर.

औषधे, जेवण, शौच, झोप यांची रोजची नोंदवही ठेवल्यास दूरच्या मुलांनाही स्थिती समजते. एटीएम कार्डाचा सांकेतिक क्रमांक, धनादेश पुस्तिका व दागिने मात्र सेवकाच्या हाती देऊ नयेत. अंगावर न सांगता येणाऱ्या जखमा, अचानक आलेला अबोलपणा, घटलेले वजन किंवा फोनवर एकट्याने बोलू न देणे ही दुर्लक्षाची किंवा छळाची लक्षणे असू शकतात.

वृद्धाश्रम पाहताना

विश्वस्त संस्थेची धर्मादाय आयुक्तालयाकडील नोंदणी तपासावी. तथापि ही नोंदणी संस्थेच्या अस्तित्वाचा पुरावा आहे, सेवेच्या दर्जाचा नव्हे. दर्जा प्रत्यक्ष भेटीतच कळतो. एकदा पूर्वसूचना देऊन आणि एकदा न देता, शक्यतो जेवणाच्या वेळी जावे. रात्री किती कर्मचारी असतात, डॉक्टर किती दिवसांनी येतात, अंथरुणाला खिळल्यावर संस्था ठेवून घेते की घरी पाठवते, अनामत रक्कम कोणत्या अटींवर परत मिळते, हे प्रश्न अवश्य विचारावेत.

इमारतीच्या सुरक्षिततेकडे विशेष लक्ष द्यावे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला लागलेल्या आगीत १० बालकांचा मृत्यू झाला. स्वतःहून हलू न शकणाऱ्या व्यक्ती जेथे असतात, तेथे अग्निशमन तपासणी, दुसरा दरवाजा आणि रात्रीचा जागता कर्मचारी यांना पर्याय नाही, हा त्या दुर्घटनेचा धडा वृद्धाश्रमांनाही लागू पडतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडारा शहरासह नदीकाठच्या वस्त्यांना वेढले होते. त्यामुळे नदीकाठच्या संस्थेत वा घरात अंथरुणाला खिळलेल्या व्यक्तीला कसे हलवणार, हेही आधीच ठरवलेले असावे.

शासकीय आधार

केंद्र शासनाची १४५६७ ही 'एल्डरलाइन' निःशुल्क असून माहिती, मार्गदर्शन व मानसिक आधारासाठी तेथे संपर्क साधता येतो. तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक ठळक अक्षरांत भिंतीवर लावावेत. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान भारत योजनेखाली कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण लागू झाले. घरी ठेवलेल्या मदतनीसाचा खर्च मात्र त्यातून मिळत नाही.

निराधार व अल्प उत्पन्न असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना आहे. तिचा अर्ज तहसील कार्यालयातील संजय गांधी योजना शाखेत करावा. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांसाठी एसटीचा प्रवास मोफत करण्यात आला. उपचारांसाठी भंडारा वा नागपूर गाठणाऱ्या वृद्धांना या सवलतीचा उपयोग होतो.

कायद्याचे संरक्षण

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासंबंधीचा २००७ चा कायदा महाराष्ट्रात २००९ पासून अमलात आहे. उपेक्षित पालकांना उपविभागीय अधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो. अपत्य नसलेल्या ज्येष्ठांना, मालमत्तेचा वारसा ज्याच्याकडे आहे वा जाणार आहे, अशा नातेवाइकाविरुद्धही दाद मागता येते. निर्वाहभत्त्याची कमाल मर्यादा दरमहा १० हजार रुपये आहे. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल अपेक्षित असून अपवादात्मक कारणाने ३० दिवसांची वाढ मिळू शकते. वृद्धाची जबाबदारी असताना त्याला टाकून देणे हा तीन महिन्यांपर्यंतच्या कारावासास पात्र गुन्हा आहे.

सर्वाधिक सावधगिरी बक्षीसपत्राबाबत बाळगावी. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, ती अट मोडल्यास कलम २३ नुसार परत मिळवता येते. मात्र अशी अट हस्तांतरणाला जोडलेली असली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. जानेवारी २०२५ च्या निकालात त्याच न्यायालयाने या कायद्याचा उदार अर्थ लावावा आणि न्यायाधिकरण मालमत्तेचा ताबा परत देण्याचाही आदेश देऊ शकते, असे म्हटले. तात्पर्य, 'पोरगा आपलाच आहे' या भावनेने अट लिहिण्याचे टाळू नये. शेत किंवा घर नावावर करण्यापूर्वी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला घ्यावा. पात्र व्यक्तींना तो विनामूल्य मिळतो आणि महिलांना त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही.

शुश्रूषा करणाऱ्याचे काय?

पगारी माणूस ठेवला तरी खरा भार बहुधा घरातील सून, मुलगी किंवा स्वतः सत्तरीत असलेली पत्नी वाहते. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची देखभाल विशेष थकवणारी असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पातळीवरील अभ्यासानुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना हा विकार असल्याचा अंदाज आहे. रात्रंदिवस जागणाऱ्या व्यक्तीची चिडचिड, अपराधी भावना व निद्रानाश हे तिचे दोष नसून थकव्याची लक्षणे आहेत. शासनाच्या 'टेलि-मानस' या १४४१६ क्रमांकाच्या सेवेवर त्यासाठी विनाशुल्क समुपदेशन मिळते.

दूर राहणाऱ्या भावंडांनी केवळ पैसे पाठवून कर्तव्य संपले असे मानू नये. वर्षातील काही आठवडे प्रत्येकाने गावी येऊन पूर्ण जबाबदारी घेतल्यास सांभाळणाऱ्याला विसावा मिळतो. खर्च, कामे व रजांची वाटणी कुटुंबाने एकत्र बसून लिहून काढावी. या चर्चेत ज्यांची सेवा करायची त्या ज्येष्ठांचे मत सर्वप्रथम विचारले जावे. कोणाच्या हातचे पाणी प्यावे, हे ठरवण्याचा पहिला अधिकार त्यांचाच आहे.