रासी, बेवडा आणि मोहाचे फूल
(भिवंडी तालुक्यातील घरगुती मद्यनिर्मितीसंबंधी काही विचार)

आजच्या मराठीत ‘बेवडा’ हा शब्द व्यसनी मनुष्याला उद्देशून, बहुधा तुच्छतेने, योजिला जातो. ठाणे जिल्ह्यात एकेकाळी त्याचा अर्थ निराळा होता. मोहाच्या फुलांपासून एकदा गाळलेली ती ‘रासी’ आणि तीच पुन्हा भट्टीवर चढवून दुसऱ्यांदा गाळलेली ती ‘बेवडा’. शब्दातील ‘बे’ ही संख्या हा अर्थ उघड करते. म्हणजे जो शब्द मुळात एका घरगुती कसबातील पायरीचे नाव होता, तो कालांतराने शिवीच्या पंक्तीस जाऊन बसला. हे अर्थांतर केवळ भाषेच्या स्वाभाविक गतीने घडले असे मानणे कठीण आहे. त्यामागे कायद्याचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात भिवंडी तालुक्याचा वाटा आहे.

भिवंडीचे नाव आज यंत्रमागांमुळे सर्वतोमुखी झाले असले, तरी कामवारीच्या काठचे हे गाव सोडून वज्रेश्वरी–गणेशपुरीच्या बाजूस गेले की प्रदेशाचे स्वरूप पालटते. खाडीलगत आगरी व कोळी वस्ती, भातखाचरे व मिठागरे; वर डोंगराच्या अंगाला वारली व कातकरी पाडे. या दोन पट्ट्यांत पेयेही दोन प्रकारची होती. खालच्या पट्ट्यात ताड, शिंदी व माड यांचा रस. वरच्या पट्ट्यात मोह. हा भेद काटेकोर नव्हता, कारण ताडाची झाडे डोंगरातही आढळतात. तथापि रीत, हत्यारे व शब्दसंपत्ती यांच्या दृष्टीने तो ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

ताडी ही गाळलेली नव्हे, आंबलेली. ‘ताल’पासून ‘ताड’ आणि त्यापासून ‘ताडी’ ही परंपरा सर्वपरिचित असून इंग्रजांनी हाच शब्द उचलून आपल्या भाषेत ‘टॉडी’ केला. झाडाला लावलेल्या मडक्यात रस पडू लागताच वाऱ्यातील व मडक्यातील किण्व आपले काम सुरू करते; मडक्याला चुना फासला असेल तरच ते लांबते आणि पहाटे उतरवलेला रस नीरा म्हणून पिता येतो. दुपारपर्यंत त्यात साधारण बिअरइतके मद्य येते, आणि दुसऱ्या दिवशी ते शिरक्याच्या वाटेला लागते. साठवता न येणारे, लांब नेता न येणारे, म्हणून ज्या गावी उतरले त्याच गावी संपणारे असे हे पेय होय. युरोपातील खेड्यांत घरोघरी होणाऱ्या जवाच्या बिअरशी त्याचे नाते याच गुणामुळे जुळते.

मोहाची गोष्ट वेगळी. चैत्राच्या सुमारास पहाटे झाडाखाली फुलांचा सडा पडतो. ती वेचून उन्हात वाळविली म्हणजे वर्षभर टिकतात. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. हीच फुले पाण्यात काही दिवस भिजत घालून आंबवितात आणि मग मडके, बांबूची नळी व गार पाणी एवढ्या साहित्यावर अर्क उतरवितात. परंतु हे फूल प्रथम अन्न आहे, हे विसरता कामा नये. भाजून, शिजवून, पिठात मिसळून ते खाल्ले जाई, आणि भात संपल्यानंतरच्या महिन्यांत त्याचा आधार मोठा होता. वारल्यांच्या लग्नविधीत व देवाच्या पूजेत मोहाच्या दारूची धार लागते. तेथे ती विलासाची वस्तू नसून विधीचे द्रव्य आहे.

इ. स. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने हे चित्र बदलले. मक्त्याच्या जुन्या पद्धतीऐवजी मोठ्या भट्ट्यांतून दारू गाळून ती परवान्याच्या दुकानांतून विकावी, हे धोरण आले. उरण येथील भट्ट्या या व्यवस्थेचे केंद्र बनल्या. त्यांना लागणारा मोह बव्हंशी पंचमहालातून येई. घरची दारू ही सरकारी दारूची प्रतिस्पर्धी होती, आणि घरच्या दारूचे मूळ परसातल्या झाडावर होते. म्हणून १८९२ साली ठाणे व कुलाबा या दोन जिल्ह्यांपुरता मोहाच्या फुलांचा स्वतंत्र कायदा झाला. फुले गोळा करणे, बाळगणे, विकणे व त्यांची ने-आण करणे या सर्वांवर नियंत्रण आले. दूरचा मोह उरणला जावा आणि भिवंडीच्या पाड्यावरील माणसाने अंगणात पडलेले फूल घरात साठवावे तर तो अपराध ठरावा, अशी ही विसंगती होती. मद्यपान कमी करण्याचा हेतू वरवर सांगितला गेला असला, तरी दुकाने चालूच राहिली, हे पाहता महसुलाचा हेतू प्रधान मानणेच सयुक्तिक ठरते. दुकानदार पुष्कळदा सावकारही असे. घरी होणारी वस्तू उधारीवर घ्यावी लागली, की कर्ज वाढते व जमीन जाते. घरगुती भट्टीचा प्रश्न मद्याचा जितका, तितकाच जमिनीचाही होता.

शब्दांकडे पुन्हा वळू. ‘अबकारी’ हा फारसी शब्द, ‘आब’ म्हणजे पाणी. ‘दारू’ हाही फारसी. तेथे त्याचा अर्थ औषध, आणि मराठीत तो बंदुकीच्या दारूलाही लागतो. या एका शब्दाखाली ताडी, शिंदी, माडी, रासी, बेवडा ही सारी नावे हळूहळू गडप झाली. ‘हातभट्टी’ हा समासही लक्षणीय आहे. सर्वच भट्ट्या हाताच्या होत्या तेव्हा ‘हात’ हे विशेषण जोडण्याचे कारण नव्हते. सरकारी भट्टी आल्यावरच त्याची गरज पडली असावी.

स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि मोहाच्या फुलांवरील नियंत्रण १९५० च्या नियमांत कायम राहिले. राजवट बदलली, हेतू बदलला, फूल मात्र पहाऱ्यातच राहिले. बंदीच्या काळात मोहाची जागा गूळ व नवसागर यांनी घेतली. हे मिश्रण कोठेही, कोणत्याही ऋतूत, खाडीच्या तिवरांत लपूनही करता येते. जुन्या रीतीत ऋतूचा, झाडाचा व शेजाऱ्याच्या जिभेचा जो अंकुश होता, तो यात उरला नाही. मालाडच्या मालवणीत २०१५ साली विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. ती मिथेनॉल मिसळलेली होती. घरगुती कसबाशी तिचा संबंध केवळ ‘गावठी’ या नावापुरता.

२०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहाची फुले गोळा करणे, साठविणे व त्यांची ने-आण यांवरील निर्बंध उठविले. फूल वेचणे अपराध राहिले नाही. ते भिजत घालून गाळणे मात्र परवान्यावाचून आजही अपराधच आहे, आणि ‘बेवडा’ या शब्दाचा जुना अर्थ आता मुद्दाम सांगावा लागतो.