वेदनेचे शब्द आणि वेदनेचा आकडा

व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२६ साली आजारपणावर लिहिलेल्या निबंधात इंग्रजी भाषेवर एक ठपका ठेवला आहे: डॉक्टरला साधी डोकेदुखी सांगायची वेळ आली की ही संपन्न भाषा आटून जाते. पुढे इलेन स्कॅरी यांनी ‘द बॉडी इन पेन’ (१९८५) या ग्रंथात तीव्र वेदना भाषेचा विध्वंसच करते, असे प्रतिपादन केले. साहित्याच्या वर्गातली वेदनेची चर्चा बहुधा या दोन नावांपाशी थांबते. मधल्या काळात दवाखान्यात काय घडले, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही.

मॅकगिल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी वेदनेचे वर्णन करणारे शब्द चिकाटीने जमवले. १९७१ मध्ये वॉरन टॉर्गर्सन यांच्यासह त्यांनी अशा १०२ शब्दांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. १९७५ मध्ये त्यातून ७८ शब्दांची, २० गटांची प्रश्नावली सिद्ध झाली. ठोके पडणारी, भोसकणारी, भाजणारी ही संवेदनेची विशेषणे. थकवणारी, धास्तावणारी, क्रूर ही भावनेची. वेदना ‘किती’, हाही प्रश्न तीत होता, ० ते ५ असा. पण तो अनेकांपैकी एक. एखाद्या कोशकाराला शोभावे असे हे काम पाहिल्यावर वुल्फ यांचा ठपका निदान अर्धा तरी खोटा ठरतो, असे मला वाटते. शब्द होते, वैद्यकाने ते नीट टिपून ठेवले नव्हते.

निदान पाश्चात्त्य वैद्यकाने. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणांच्या वेदना तोदन, भेदन, ताडन, छेदन, मंथन अशा नावांनी नोंदवल्या आहेत आणि कोणती वेदना कोणत्या दोषाची, हेही सांगितले आहे. वैद्याच्या लेखी वेदनेचा प्रकार हाच निदानाचा धागा. (‘शूल’मधले शस्त्र तर आपल्या पोटशूळात अजून टिकून आहे.)

पण गर्दीच्या दवाखान्यात ७८ शब्द वाचून दाखवायला सवड कोणाला? १९८७ मध्ये मेलझॅक यांनीच १५ शब्दांची संक्षिप्त आवृत्ती काढली. १९९० च्या दशकात अमेरिकन पेन सोसायटीने वेदना हे नाडी, तापमान यांच्या पंक्तीतले ‘पाचवे लक्षण’ मानावे, असा आग्रह धरला आणि ० ते १० यांतला एक आकडा रुग्णाच्या कागदावर सर्रास पडू लागला. हेतू चांगलाच होता. दुखण्याकडे दुर्लक्ष होऊ नये. परंतु आकडा उतरवण्याचा सोपा मार्ग म्हणजे अफूजन्य औषधे. त्यांच्या अतिवापराला या मोजणीने हातभार लावल्याची टीका झाली आणि २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने ‘पाचवे लक्षण’ ही कल्पना सोडून देण्याची भूमिका घेतली.

गुडघ्याचा ठणका आणि तळपायाची आग, दोन्ही ‘सात’ असू शकतात. कारण मात्र वेगळे, औषधही वेगळे. मराठी रुग्णाकडे कळ, चमक, ठसठस, चुरचुर, चुणचुण, हुळहुळ असा साठा आहे. त्यातले कितीतरी शब्द अनुकरणवाचक, म्हणजे शस्त्रापेक्षा वेदनेची लय पकडणारे. ‘सात’ म्हणताना हे सगळे दाराबाहेर राहते.

फ्रेंच संशोधकांनी २००५ मध्ये नसांच्या बिघाडातून येणारी वेदना ओळखण्यासाठी डीएन-४ ही छोटी प्रश्नावली प्रसिद्ध केली. तीत विचारतात: आग होते का? विजेचा झटका बसल्यासारखे वाटते का? मुंग्या येतात का, टाचण्या टोचतात का, बधिरपणा आहे का, खाज सुटते का? किती दुखते, हे तीत विचारलेलेच नाही.