जुन्या नाण्यांचें मोल आणि छापील आंकडे

नाण्यांच्या किंमतींचें पुस्तक कोणाच्या बाजूनें बोलतें, हें आधीं पाहिलें पाहिजे. अमेरिकेंत व्हिटमन कंपनीनें १९४२ सालीं निळ्या वेष्टनाचें पुस्तक काढलें. व्यापारी कोणतें नाणें कितीला घेतात, तें त्यांत होतें. १९४६ सालीं लाल पुस्तक निघालें. त्यांत विक्रीच्या किंमती होत्या. नाणें एक, प्रकाशक एक, भाव दोन! घरचीं नाणीं विकावयास निघालेला गृहस्थ लाल पुस्तक घेऊन दुकानीं जातो, आणि आपणांस लुबाडलें असें समजून परततो.

शिवाय भाव झिजेवर अवलंबून, आणि झीज मोजावी कशी? डॉ. विल्यम शेल्डन ह्या मानसशास्त्रज्ञानें १९४९ सालीं तांब्याच्या जुन्या मोठ्या सेंटांसाठीं १ ते ७० गुणांची श्रेणी मांडली. कल्पना सुबक होती. एका गुणाच्या नाण्यास दोन डॉलर पडत असतील, तर सत्तर गुणांच्या नाण्यास १४० पडावे. बाजारानें हें त्रैराशिक लवकरच मोडलें. उत्तम नाण्यांचे भाव गुणांच्या कितीतरी पुढें गेले. हिशेब बुडाला, गुण मात्र उरले, आणि पुढें इतर नाण्यांनाही लागू झाले.

शेल्डन १९७७ सालीं वारला. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहांतील उत्तम सेंट काढून त्या जागीं त्यानें हलक्या प्रतीचे ठेवले होते, असें त्यानंतर सिद्ध झालें. ही अदलाबदल उमगली ती जुन्या छायाचित्रांवरून. सोसायटीला आपल्याच नाण्यांसाठीं न्यायालयाची पायरी चढावी लागली.